आधी नळ्या, मग माणूस

लग्नकार्यात बाया एकमेकींच्या साड्या बघतात, मला मात्र गुडघे दाखवतात. ही फिजिओथेरपिस्ट आहे असं एकदा पंगतीत कळलं, की शेजारची बाई पुरी ताटात ठेवते, पाय पुढे करते आणि "जरा बघा ना, जिना चढताना कटकट वाजतं" म्हणते. पूर्वी मी समजावून सांगायची की माझं काम गुडघ्यांचं नाही, मी हॉस्पिटलात आयसीयूमध्ये असते. त्यावर लोकांचा चेहरा असा व्हायचा, की आयसीयूत जाऊन ही कोणाचे गुडघे चोळते? शेवटी मी समजावणं सोडलं आणि गुडघे बघायला लागले. निवृत्त झाल्यावर तर वेळही पुष्कळ आहे.

तरी एकदा नीट सांगते. खोपोली आणि खालापूरच्या मधल्या एका हॉस्पिटलात माझी बहुतेक नोकरी झाली. तिथे एक्सप्रेसवेवर गाडी उलटलेली माणसं यायची, कारखान्यात अपघात झालेली यायची, पोटाची मोठी ऑपरेशनं झालेली, व्हेंटिलेटर लावलेली. माणूस खाटेवर पडून राहिला की त्याच्या छातीत कफ साचतो, सांधे आखडतात आणि स्नायू बघता बघता विरघळतात. डॉक्टर जीव वाचवतात, पण वाचलेल्या माणसाला पुढे उठायचं असतं, आणि त्याची तयारी बरं वाटल्यावर करून चालत नाही. म्हणून आम्ही नेमके ज्याला अजून अजिबात बरं वाटत नाही त्याच्याच मागे लागतो. श्वास घ्या, खोका, कुशीवर वळा, बसा. हॉस्पिटलात आमच्याइतकं नावडतं माणूस दुसरं नसेल. सिस्टर एकदा टोचून निघून जाते, आम्ही बोलून बोलून टोचतो.

त्यात माझं आडनाव कडू. शिकवणाऱ्या बाईला असं आडनाव मिळालं की विद्यार्थ्यांना टोपणनाव शोधावं लागत नाही.

पनवेलकडच्या एका कॉलेजातून फिजिओथेरपीच्या शेवटच्या टप्प्यातल्या मुली आमच्याकडे कामाच्या अनुभवासाठी यायच्या. येताना प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर एखादा क्रिकेटपटू असायचा, ज्याचा खांदा ती बरा करणार होती. पहिल्या दिवशी मी त्यांना आयसीयूत न्यायची. तिथे खाटेवरच्या माणसाला नाकात नळी, घशात नळी, मानेत नळी, हातात सलाईन, छातीवर वायरी, खाली लघवीची पिशवी. क्रिकेटपटू तिथेच मावळायचा.

माझा एक नियम होता. पेशंटला हात लावण्याआधी त्याला जोडलेल्या प्रत्येक नळीवरून बोट फिरवत न्यायचं, माणसापासून मशीनपर्यंत, आणि ती कसली नळी आहे ते मोठ्याने म्हणायचं. कारण पेशंटला वळवताना चूक होते ती हाताची नसते, नळी अडकल्याची असते. हे मी एका वाक्यात सांगायची, "आधी नळ्या, मग माणूस, कळलं का?" वाक्याच्या शेवटी माझी हनुवटी वर जायची आणि आवाज जरा नाकात जायचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नंतर कळलं, आणि ज्या रीतीने कळलं तीच ही हकिगत आहे.

खोकायचं कसं हेही मी स्वतः करून दाखवायची. इतकं मन लावून की एकदा एका पेशंटच्या बायकोने सिस्टरला बाजूला घेऊन, या बाईंना वेगळ्या खोलीत का ठेवत नाही, असं विचारलं होतं. थोडक्यात, मी स्वतःला उत्तम शिक्षिका समजत होते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळातल्या एका तुकडीत ऋतुजा आणि क्षितिजा अशा दोघी होत्या. ऋतुजा डोंबिवलीची, बोलकी, कोणाशीही दोन मिनिटांत ओळख काढणारी. क्षितिजा वाईकडची, उंबरठ्यावर उभं राहून आत येऊ का विचारणारी. ऋतुजा चमकेल आणि क्षितिजा कशीबशी पार पडेल, असं मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. माणसं ओळखण्याबद्दल मला फार विश्वास होता.

त्याच सुमारास वैशाली आली. भिवपुरी स्टेशनच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला तिचं गाव. एका फार्महाऊसवर ती स्वयंपाकाला जायची. जुलाब-तापाचं निमित्त झालं, तो बरा झाला, आणि काही दिवसांनी तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. एके सकाळी पायातली चप्पल निसटली आणि ती निसटल्याचं तिला कळलंच नाही. संध्याकाळी नळावर हंडा उचलताना ती खाली बसली ती उठलीच नाही. दोन दिवसांत हात गेले, मग बोलणं अस्पष्ट झालं, आणि आमच्याकडे आणली तेव्हा तिचा श्वास इतका तोकडा झाला होता की डॉक्टरांनी तिला लगेच व्हेंटिलेटरवर घेतलं.

या आजारात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उलटते. नसांवरचं आवरण खराब होतं, मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. पायापासून वर वर सगळं लुळं पडत जातं. पण मेंदू शाबूत असतो. माणूस आत पूर्ण जागा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तोपर्यंत छाती आणि सांधे सांभाळले तर यातली पुष्कळ माणसं हळूहळू परत उभी राहतात. फार हळूहळू.

हे मी तिच्या नवऱ्याला, सुरेशला समजावलं. तो खोपोलीच्या एका कारखान्यात वायरमन. म्हणून मी खास त्याच्यासाठी वायरचं उदाहरण काढलं, की बाबा, वायरवरचं प्लॅस्टिक निघालं की करंट पुढे जात नाही, तसं झालंय. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, प्लॅस्टिक निघालं तर करंट जातो मॅडम, नुसता जात नाय, शॉर्ट होतो. मी म्हटलं, बरं, उदाहरण सोडा. ती बरी होईल एवढं धरून चाला. त्याने मान हलवली, पण माझ्या विजेच्या ज्ञानावरून माझ्या बाकीच्या ज्ञानाचाही त्याने अंदाज बांधला असणार.

वैशालीची सासू मात्र काही विचारायची नाही. जनाबाई तिचं नाव. शेतात काम केलेली, काळी, काटक बाई. भेटीच्या वेळेला आत यायची, सुनेच्या पायाशी उभी राहायची आणि वेळ संपली की जायची. बाकीचा दिवस बाहेरच्या बाकावर.

थोड्या दिवसांनी घशातली नळी काढून वैशालीच्या गळ्याला पुढून छिद्र पाडून तिथे नळी बसवली. आणि मग असे काही आठवडे आले की तिचा चेहराही गेला. पापण्या मिटेनात, बुबुळं हलेनात. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून सिस्टर त्यावर ओला कापूस आणि चिकटपट्टी लावायच्या. बघणाऱ्याला वाटावं, इथे कोणी राहिलेलं नाही.

आमचं काम चालू होतं. रोज सकाळ-दुपार मुली तिची छाती मोकळी करायच्या, कफ नळीतून ओढून घ्यायच्या, बोटापासून खांद्यापर्यंत एकेक सांधा फिरवायच्या. मी मुलींना सांगून ठेवलं होतं की ती ऐकते आहे, तिच्याशी बोला. त्याही बोलायच्या, पहिले चार दिवस. उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलणं किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. मग हळूहळू त्या तिच्या अंगावरून एकमेकींशी बोलायला लागल्या. मीसुद्धा. तिचा उजवा पाय माझ्या हातात आणि मी सिस्टरशी खोपोलीत चांगली कोथिंबीर कुठे मिळते यावर बोलते आहे, असं कितीदा झालं असेल.

एके दुपारी मी जेवून परत येत होते तर जनाबाई बाकावर नव्हती, जिन्याजवळ आपल्या भावाशी बोलत उभी होती. भाऊ मुंबईहून आला होता, सगळ्यांत मोठा, त्यामुळे त्याचा शब्द चालायचा. मला बघून तो जवळ आला आणि सभ्यपणे म्हणाला, की आता हिला घरी न्यावं असं आम्ही म्हणतोय, उगाच यंत्रावर हाल नकोत, आपल्या माणसांत तरी जाईल. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, वायरचं उदाहरण या वेळी टाळलं. यंत्र काढलं तर ती वाचणार नाही, आणि ठेवलं तर वाचण्याची चांगली आशा आहे, हे आम्ही दोघांनी परत परत सांगितलं. भावाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. सुरेश खाली बघत होता. मी आपली बोलतेय, बोलतेय. जनाबाईने मला मधेच थांबवलं.

"मॅडम, तुमी उद्या येनार हाय ना?"

मी म्हटलं, येणार.

"मग आमीपन हाय," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

भाऊ संध्याकाळी मुंबईला परत गेला. माझ्या समजावण्याचा हा विजय आहे असं मी दुसऱ्या दिवशी वैशालीच्या खाटेशीच मुलींना सांगितलं आणि नातेवाइकांशी कसं बोलावं यावर एक लेक्चरही दिलं.

मग हळूहळू वैशालीची बुबुळं हलायला लागली, पापण्या मिटायला लागल्या. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. मी ठरवलं, आता हिला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं. व्हेंटिलेटर लावलेल्या माणसाला बसवता येतं, बसवावंही, पण त्याला चारपाच जणांची तयारी लागते. त्या दिवशी कॉलेजातून एक प्राध्यापक बघायला आल्या होत्या. त्यामुळे माझा आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर होता.

सगळ्यांनी नळ्यांवरून बोटं फिरवली. मी समोर, वैशालीचे गुडघे माझ्या गुडघ्यांनी धरून. ऋतुजा एका बाजूला, सिस्टर दुसऱ्या बाजूला, क्षितिजा मागे, तिचा हात गळ्याजवळच्या नळीवर. मी एक, दोन, तीन म्हटलं, वैशाली उठून बसली, मान माझ्या खांद्यावर आली, आणि मी प्राध्यापकबाईंकडे वळून म्हणाले की बघा, पाठीचा कणा कसा सरळ. वळताना माझा चष्मा तिच्या कपाळाला लागून खाली पडला. तो पकडायला मी नकळत खांदा झुकवला, वैशाली झुकली, आणि यंत्राकडची नळी गळ्यापासून सुटली.

मशीन किंचाळायला लागलं. मला चष्म्याशिवाय चार बोटांपलीकडे दिसत नाही. माझ्या अंगावर एक लुळी बाई, तिला सोडता येत नाही, आणि समोर सगळं धूसर. मी नळी, नळी असं ओरडले एवढं आठवतं. मशीन गप्प झालं तेव्हा क्षितिजाचा हात होता तिथेच होता. नळी सुटताक्षणी तिने ती परत बसवली होती, आणि दुसऱ्या हाताने वैशालीची मान सावरली होती. वैशालीला दोन श्वास चुकले असतील, जास्त नाही. आम्ही तिला नीट झोपवलं. मग मी सरळ पेशंटच्या खाटेवर बसले, जे करताना एखादी विद्यार्थिनी दिसली तर मी तिला वॉर्डाबाहेर काढते.

नंतर क्षितिजा जिन्यात रडताना सापडली. मी पाठीवर हात ठेवायला हवा होता, चहा पाजायला हवा होता. मी काय केलं? तिला म्हणाले की तू वाकलीस ती कमरेतून वाकलीस, गुडघ्यातून वाकायचं, नाहीतर तुझी पाठ जाईल, कळलं का? ती हो मॅडम म्हणाली. मी समाधानाने वर गेले.

त्यानंतर वैशालीला बसवणं रोजचं झालं. मी चष्म्याला दोरी लावून घेतली. व्हेंटिलेटर आधी दिवसा थोडा वेळ बंद ठेवायला लागलो, मग जास्त वेळ. आणि मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आज हिचा आवाज बघू या. गळ्यातल्या नळीवर एक छोटी झडप बसवतात. त्यामुळे श्वास आत नळीतून जातो, पण बाहेर येताना घशातून येतो, आणि बाहेर येताना आवाज करता येतो. इतक्या महिन्यांचं मौन सुटायचं म्हणून सगळे जमले. सुरेश कामावरून सुट्टी काढून आला होता. जनाबाई पायाशी. दोघी मुली, सिस्टर, डॉक्टर. मी अर्थातच सगळ्यांत पुढे.

डॉक्टरांनी झडप लावली आणि नाव सांगायला सांगितलं. वैशालीने श्वास घेतला. ओठ हलले, नुसती हवा आली. पुन्हा घेतला. या वेळी तिने नजर फिरवून मला शोधलं, हनुवटी जेमतेम दोन बोटं वर केली आणि फाटक्या, नाकातल्या आवाजात म्हणाली,

"आधी नळ्या... मग माणूस... कळलं का?"

क्षणभर काही कळेना. मी मुलींकडे बघितलं. ऋतुजा भिंतीसारखी पांढरी पडली होती. तेवढ्यावरून सगळं कळलं. मी जेवायला गेले की ही पोर वैशालीच्या खाटेशी माझी नक्कल करायची, रोज, महिनोन्महिने, आणि वैशालीने ती आतल्या आत पाठ केली होती. पहिल्यांदा सिस्टर हसल्या, मग डॉक्टर, मग सगळी आयसीयू. जनाबाई मात्र घाबरली. सुनेचं नाव विचारलं तर सून नळ्यांचं काय बोलतेय, म्हणून तिने सुरेशचा दंड धरला आणि "हिचं डोसकं फिरलं रं" म्हणून रडायला लागली. तिला समजवायला मलाच माझी नक्कल करून दाखवावी लागली. ती वैशालीइतकी चांगली जमली नाही असं नंतर ऋतुजाने हळूच सांगितलं. तोपर्यंत ती माफी मागून मोकळी झाली होती.

हसून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी वैशालीशेजारी स्टूल ओढून बसले. तू सगळं ऐकत होतीस का, असं विचारलं. तुटक तुटक, मधे श्वास घेत तिने सांगितलं. सगळं ऐकत होती. दिवस आहे की रात्र ते तिला सिस्टरच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. मी कोथिंबीर घेते ती बाई महाग देते, तिच्या पलीकडे बसणारी चांगली, हेही तिने सांगून घेतलं. मुलींच्या गप्पांमधून तिला कॉलेजातली सगळी भांडणं माहीत होती. सगळ्यांत वाईट काय वाटायचं, असं मी विचारलं. नाक खाजायचं ते, ती म्हणाली.

मग तिने तिच्या मामेसासऱ्याची गोष्ट काढली. जिन्याजवळ माझ्याशी बोलण्याआधी तो आत येऊन तिच्या खाटेशी उभा राहिला होता. डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे दिसलं नाही, पण प्रत्येक शब्द कानात आला. आता हिच्यात काय उरलं नाय, तो बहिणीला म्हणाला. वैशालीला ओरडायचं होतं. पापणीसुद्धा हलली नाही.

"मग आई बोलल्या," वैशाली म्हणाली. "हिची नखं वाढतात. मीच कापते. जिच्यात काय उरलं नाय तिची नखं कापाया लागत नाय."

नातेवाइकांना कसं पटवावं यावर मी दिलेलं लेक्चर आठवलं, आणि ते ऐकायला वैशालीही तिथे होती हेही आठवलं.

जनाबाई भेटीच्या वेळेत पायाशी उभी राहून काय करते हे मी कधी बघितलं नव्हतं. ती नखं कापत असायची.

जाता जाता मी विचारलं, की मुलींपैकी तुझ्याशी खरं कोण बोलायचं? क्षितिजा, ती लगेच म्हणाली. इतरांसारखी तिच्या अंगावरून नाही, तिच्याशी. काम संपल्यावर पाच मिनिटं थांबायची आणि बोलायची. काय बोलायची, हे मला साहजिकच कळायला हवं होतं. शिक्षिका म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं तर मी चौकस बाई आहे. मी गोडीने विचारलं, आडून विचारलं, परत दुसऱ्या दिवशी विचारलं.

"ते तिनं मला सांगितलंय मॅडम," वैशाली म्हणाली. "तुमाला नाय."

इतक्या वर्षांत मला वॉर्डात कोणी इतक्या सरळपणे गप्प बसवलं नव्हतं.

क्षितिजाने ते मला पुढे स्वतःच सांगितलं, कॅन्टीनमध्ये, वडापाव खाता खाता. तिला हे काम सोडायचं होतं. आयसीयूत शिरताना रोज पोटात गोळा यायचा, आणि नळी सुटली त्या दिवसानंतर तर तिने घरी कळवूनही टाकलं होतं, की शिक्षण पुरं करते आणि वाईला परत येते, भावाच्या दुकानात बसते. हे सगळं ती वैशालीला सांगायची, कारण वैशाली काही बोलणार नव्हती, आणि मुख्य म्हणजे तू कमरेतून वाकलीस असं म्हणणार नव्हती. हे तिने अगदी साध्या सुरात सांगितलं. मी वडापावकडे बघत राहिले.

मग वैशालीचा आवाज परत आला. सगळ्यांचं हसणं आणि धांदल संपल्यावर क्षितिजा घाबरत घाबरत तिच्याजवळ गेली, की आता ही काय म्हणेल. वैशाली म्हणाली होती, जायचं तर जा, पण मला उभी करून जा.

म्हणून ती थांबली होती. तिची आमच्याकडची मुदत संपली, तुकडी परत गेली, तरी क्षितिजा रविवारी पनवेलहून येत राहिली. मला त्याचा आधी संशय आला, कारण इतक्या वर्षांत रविवारी माझ्याकडे स्वखुशीने कोणी आलं नव्हतं. पुढे ती वाईला गेली का, असं तुम्ही विचाराल. गेली, दोन महिने दुकानात बसली, आणि तिथून पुण्याच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागली. आयसीयूमध्येच. पोटात गोळा अजून येतो, फोनवर सांगते. पण आता ती त्याच्यासकट कामाला जाते. यात माझा वाटा किती, हे मी तिला विचारलं नाही. उत्तर खरं आलं असतं.

आता उभं राहण्याचा दिवस. वैशालीच्या गळ्यातली नळी निघाली होती, छिद्र बुजत आलं होतं. ती वॉर्डात आली होती, हातांनी चमचा धरत होती, मांड्यांमध्ये ताकद येत होती. रविवारची सकाळ. क्षितिजा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. सुरेश खाटेमागे, आणि जनाबाई कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. मी वॉकर आणला होता, म्हणजे धरून चालायचा तो ॲल्युमिनियमचा चौकटीसारखा आधार. त्याची उंची पेशंटप्रमाणे लावायची असते. ती कोणीही अंदाजाने लावायची नाही असा माझा नियम, मात्र माझा अंदाज या नियमातून वगळलेला. मी तो आधीच लावून ठेवला होता.

मी म्हटलं, पुढे झुक, पायांवर वजन घे, आणि उठ. वैशाली थरथरली, ढुंगण खाटेवरून सुटलं, परत टेकलं. थांबली. परत झुकली. या वेळी क्षितिजाने काही न बोलता तिच्या कमरेचा पट्टा धरला, गुडघ्यातून नीट वाकून, आणि वैशाली उठायला लागली. उठतच राहिली. माझ्या हाताखालून वर गेली, क्षितिजाच्या डोक्यावरून वर गेली, आणि थांबली तेव्हा मी मान मागे टाकून तिच्याकडे बघत होते. वॉकर तिच्या मांड्यांच्या मध्यावर लटपटत होता, एखाद्या लहान मुलीसाठी आणल्यासारखा.

आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. इतके महिने गुडघ्याखाली उशी, डोकं उंचावलेलं, पाय दुमडलेले. तिचा एकेक सांधा आम्ही पाठ केला होता, तिच्या छातीतला आवाज झोपेत ओळखला असता, पण ती केवढी आहे हे कधी कोणी बघितलंच नव्हतं.

"एवढी उंच आहेस तू?" क्षितिजा म्हणाली.

सुरेश मागून लाजल्यासारखा म्हणाला, की लग्नाच्या फोटोत मला पाटावर उभं केलं होतं.

वैशाली हसली, त्याने तोल गेला, आम्ही तिला सावरलं. ती परत सरळ झाली आणि तिने आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर काय दिसतंय ते मला माझ्या उंचीवरून दिसत नव्हतं. जनाबाई कोपऱ्यातून पुढे आली, सुनेच्या समोर उभी राहिली, मान वर करून तिच्याकडे डोळे भरून बघितलं, आणि तिच्या कपाळावर आलेले केस मागे सारायला हात वर केला. हात पोचला नाही. तेव्हा वैशालीने, वॉकर घट्ट धरून, स्वतःच मान खाली केली.